प्लेट्सचा नकाशा स्वतःच्या हाताने काढायचा तर

भूगोलाच्या पुस्तकात रंगीत तुकड्यांचा एक नकाशा हमखास असतो. पॅसिफिक प्लेट निळी, आफ्रिकन पिवळी, सीमांवर छोटे छोटे बाण. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि पुढच्या वर्षी विसरतात. मी भूशास्त्र शिकवते आणि पहिल्या तासाला हा नकाशा मुद्दाम बंद ठेवते. उत्तर आधी दिसलं की प्रश्न पडायचे थांबतात. आणि इथे तर प्रश्नच इतके सुंदर आहेत, की ते कुणाच्या हातून हिरावून घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

१९५० आणि ६० च्या दशकांत ज्या खुणांवरून संशोधक भूपट्टांपर्यंत, म्हणजे प्लेट्सपर्यंत पोचले, त्या खुणा आज कुणालाही फुकट मिळतात. त्यांच्यावरून सीमा काढता येतात, कोणती सीमा कशी वागते ते ओळखता येतं आणि प्लेटचा वेगही काढता येतो. गणित भागाकार आणि वर्गमूळ यांच्या पलीकडे जात नाही. शनिवार-रविवार मोकळे असतील तर एवढं काम सहज होतं.

काय काय हाताशी हवं

एक पृथ्वीगोल घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर उत्तम, कारण मग त्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा, पट्टी, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर. जगाचा कोरा नकाशा, नुसते किनारे दाखवणारा, त्याच्या दोन-तीन प्रती. शिवाय समुद्रतळाचे चढउतार दाखवणारा एक चांगला नकाशा आणि भूकंपांची यादी. ही यादी अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवते. तारीख, अक्षांश-रेखांश, तीव्रता आणि खोली असं सगळं तिच्यात असतं. ५ आणि त्याहून जास्त तीव्रतेचे, काही वर्षांचे भूकंप घ्या. लहान भूकंप घेतले तर जिथे यंत्रं जास्त तिथे ठिपके जास्त, असं होऊन चित्र बिघडतं.

पृथ्वीगोल आवश्यकच आहे. सपाट नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. तिथे मोजलेलं अंतर काहीच कामाचं नाही.

आधी प्लेट म्हणजे काय ते नक्की करा

पेन्सिल उचलण्याआधी एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो राहिला तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं. प्लेट्स लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण भूकवचाखालच्या प्रावरणातून त्या खुशाल जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर त्याचं तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिथला खडक वितळण्याच्या अगदी जवळ असतो. हातोडा मारला तर तो दगडासारखाच वागेल, पण लाखो वर्षांचा ताण दिला तर तो वाहतो. घन राहूनही वाहतो, ही गोष्ट मनात नीट बसू द्या. घाई करू नका.

दुसरा घोटाळा कवच आणि प्लेट यांचा. कवच हा घटकांवरून ओळखला जाणारा थर: महासागरांखाली जेमतेम ७ किलोमीटर, काळ्या जड बेसाल्टचा, खंडांखाली सरासरी ३५ ते ४० किलोमीटर आणि तिबेटखाली ७० च्या घरात, ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचा. प्लेट ओळखायची ती ताठपणावरून. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग मिळून प्लेट होते. यालाच शिलावरण म्हणतात आणि त्याची जाडी ढोबळमानाने १०० किलोमीटर. म्हणजे कवच प्लेटवर बसून प्रवास करत नाही, ते प्लेटचाच वरचा पापुद्रा आहे. आपल्या पृथ्वीगोलावर प्लेटची जाडी भरेल सव्वादोन मिलिमीटर आणि समुद्री कवचाची पाव मिलिमीटरपेक्षाही कमी.

सीमा काढणं

आता कोऱ्या नकाशावर भूकंपांचे ठिपके द्या. हे काम हाताने करा, संगणकावर एका क्षणात करू नका. शंभर-दोनशे ठिपके दिले तरी रेषा उमटायला लागतात, आणि त्या आपल्या हाताखाली उमटताना पाहणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोठा आनंद आहे.

रेषा जोडताना किनाऱ्यांकडे बिलकूल लक्ष देऊ नका. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा पाहा: लांबच लांब किनारा, पण ठिपके जवळजवळ नाहीतच. ते सगळे अटलांटिकच्या मधोमध, दोन्ही किनाऱ्यांपासून जवळपास सारख्या अंतरावर, आणि किनाऱ्याचंच वळण गिरवत गेलेले. आफ्रिका आत वळते तिथे तेही आत वळतात. यावरून समजायचं ते हे, की खंडाची कड म्हणजे प्लेटची कड नव्हे. ब्राझीलचा किनारा आणि त्यापुढचा अर्धा अटलांटिक एकाच प्लेटवर आहेत. चिलीच्या बाजूला मात्र दोन्ही कडा एकत्र येतात आणि तिथे ठिपक्यांची दाटी उडते.

भूमध्य समुद्रापासून इराण, हिंदुकुश, तिबेटपर्यंत ठिपके विस्कटलेले दिसतील. तिथे ओढूनताणून रेषा काढू नका. पेन्सिल आडवी धरून पट्टा गिरवा. खंडीय खडक जाड आणि तुलनेने मऊ असतो. तो एका रेषेत तुटत नाही, शेकडो किलोमीटर रुंदीत चुरगळतो.

अटलांटिकची रेषा काढताना मला दर वेळी मारी थार्प आठवतात. न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेत १९५२ च्या सुमारास त्या जहाजांनी ध्वनिलहरींनी मोजलेल्या खोल्यांवरून समुद्रतळाचे छेद काढत होत्या. स्त्री म्हणून त्यांना संशोधन जहाजावर जायला मनाई होती. पुरुष सहकारी आकडे आणत, त्या टेबलावर ते मांडत. प्रत्येक छेदात डोंगररांगेच्या माथ्यावर एक खाच येते, आणि सगळ्या खाचा एका सरळ ओळीत बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. समुद्रतळ इथे फाटतोय, असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते बायकी बोलणं म्हणून झटकून टाकलं. मग शेजारच्या टेबलावर एक सहकारी त्याच प्रमाणात भूकंपांची केंद्रं मांडत होता, तो नकाशा थार्प यांच्या नकाशावर ठेवला गेला. भूकंप नेमके त्या खाचेत पडत होते. तुम्ही आत्ता जे करताय ते हेच. समुद्रतळाचा नकाशा उघडा आणि आपले ठिपके त्याच्याशी ताडून बघा. जगभर सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची ती पाण्याखालची पर्वतरांग तुमच्या पेन्सिलीच्या रेषेखाली सापडेल.

कोणती सीमा कोणती, हे खोलीवरून ओळखा

आता यादीतला खोलीचा रकाना वापरा. ७० किलोमीटरपर्यंतचे भूकंप एका रंगाने, ३०० पर्यंतचे दुसऱ्या आणि त्याहून खोल तिसऱ्या रंगाने रंगवा. ७०० च्या आसपास यादी संपते.

जिथे सगळे भूकंप उथळ आणि खाली पर्वतरांग, तिथे प्लेट्स एकमेकींपासून दूर जातायत. जिथे उथळ भूकंपांची ओळ आहे पण ना पर्वतरांग ना ज्वालामुखी, तिथे त्या बाजूबाजूने घासत जातायत. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, हे त्याचं ठळक उदाहरण. आणि जिथे गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळातल्या लांब खोल खाईपाशी, उथळ, जरा आत गेलं की मध्यम, आणखी आत गेलं की खोल असे रंगांचे पट्टे क्रमाने लागतात, तिथे एक प्लेट दुसरीखाली शिरतेय. जपानच्या कियू वाडाटी यांनी हा तिरका पट्टा १९३० च्या दशकात दाखवला, पुढे ह्यूगो बेनिऑफ यांनी तो इतरत्रही शोधला.

या तिसऱ्या प्रकारावर थोडा जास्त वेळ द्या. गर्तेला काटकोनात सुमारे २०० किलोमीटर रुंदीची पट्टी घ्या, तिच्यातले भूकंप निवडा आणि आलेख काढा: आडवं गर्तेपासूनचं अंतर, उभी खोली. दोन्हींचं प्रमाण एकच ठेवा. प्रमाण वेगळं ठेवलं तर कोन खोटा येतो आणि हे माझे विद्यार्थी हमखास विसरतात. नीट काढलंत तर आत शिरणारी प्लेट अक्षरशः ठिपक्यांनी रेखलेली दिसते. ईशान्य जपानखाली ती तिरकी उतरते, पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेपाशी खोल गेल्यावर जवळजवळ उभी होते.

त्याच आलेखावर ज्वालामुखी कुठे येतात ते लिहा. शिरणारी प्लेट सुमारे १०० किलोमीटर खोल पोचते, बहुधा त्याच्या वर ते उभे असतात. घर्षणाने खडक वितळतो असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते सोडून द्या. समुद्रतळाच्या खनिजांत अडकलेलं पाणी दाबाखाली बाहेर पडतं, वरच्या गरम प्रावरणात झिरपतं आणि तिथल्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. त्यातून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. याची परीक्षा घ्यायची तर अँडीजमध्ये साधारण २८ ते ३३ अंश दक्षिण अक्षांशांमधला भाग पाहा. तिथे भूकंप आहेत, गर्ता आहे, उंच डोंगर आहेत, पण जागता ज्वालामुखी नाही. छेद काढला की कारण दिसतं: प्लेट १०० किलोमीटर खोल गेल्यावर जवळजवळ आडवी होते आणि वरच्या प्लेटच्या पोटाला लागून सरकते. मध्ये गरम प्रावरणाला जागाच उरत नाही, मग पाणी झिरपणार कशात?

कवच तयार होतं तिथे काय शोधावं

मध्यसागरी पर्वतरांगेखाली कुणी शेकोटी पेटवलेली नाही. प्लेट्स दूर होतात, खालचा प्रावरणाचा खडक ती जागा भरायला वर येतो. वर येताना त्याचं तापमान फारसं बदलत नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो. दाब उतरला की वितळणबिंदू उतरतो आणि खडकाचा थोडा अंश, ढोबळपणे दहावा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त, वितळतो. हा अंश म्हणजे बेसाल्टचा शिलारस. तो हलका, म्हणून वर चढतो. थोडा समुद्रतळावर ओततो, थोडा भेगांत गोठतो, बाकीचा खाली सावकाश थंड होऊन भरड दाण्यांचा गॅब्रो होतो. ७ किलोमीटर जाडीचं कवच असं तीन मजली बनतं.

माझ्या टेबलावर समुद्रतळावर ओतलेल्या लाव्ह्याचा एक तुकडा असतो. गोलसर उशीचा आकार, बाहेरची कड काळी आणि काचेसारखी चकचकीत. तुटलेल्या बाजूने पाहिलं तर ही काच जेमतेम सेंटिमीटरभर, मग राखाडी बारीक दाणा, आणि आत गेलं की भिंगाखाली स्फटिक दिसायला लागतात. समुद्राच्या थंडगार पाण्याने वरचा थर इतक्या झटकन गोठवला, की स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही. असा तुकडा कुठल्या संग्रहालयात दिसला तर काचेची कड आधी शोधा.

समुद्रतळ पाहायला पाणबुडीच लागते असं नाही. ओमानमध्ये आणि सायप्रसच्या ट्रूडोस डोंगरात समुद्री कवचाचा आख्खा तुकडा जमिनीवर चढून बसलाय. मधल्या मजल्यावर भिंतीला भिंत लागून उभे गोठलेले पत्थर आहेत, त्यांच्यात दुसरा खडकच नाही. पैकी बऱ्याच पत्थरांची एकच कड बारीक, झटकन थंड झालेली सापडते. दुसरी कड कुठे गेली? नवा शिलारस आला तो आधीच्या, अजून गरम असलेल्या पत्थराच्या मधोमध चिरत आला. जुन्या पत्थराचे दोन भाग झाले आणि एकेक भाग एकेका प्लेटबरोबर निघून गेला. सीमेवर कवच कसं वाढतं याचा इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही. हातभर खडकात सगळी गोष्ट लिहिलेली असते.

वेग काढा

एकच रूपांतर लक्षात ठेवा: वर्षाला १ सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षांत १० किलोमीटर. एवढं पाठ असलं की बाकी सगळं तोंडी होतं.

सुरुवात हवाईपासून करा. किलाउआ ज्वालामुखी आज जागा आहे. त्याच्या वायव्येला बेटांची माळ, जितकं दूर तितकं बेट जुनं आणि झिजलेलं. मिडवे बेटाचं वय सुमारे २.८ कोटी वर्षं. गोलावर दोरा धरा: साडेपाच सेंटिमीटरहून थोडा जास्त भरेल, म्हणजे सुमारे २,४०० किलोमीटर. भागिले २८, तर दहा लाख वर्षांत ८६ किलोमीटर, वर्षाला ८.६ सेंटिमीटर. दिशा वायव्य. टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडलं ते असं, की खालचा गरम स्रोत जवळपास जागेवर असतो आणि प्लेट त्याच्यावरून सरकते. माळ पुढे धरून गेलात तर एक मोठं वळण लागतं, त्याचं वय सुमारे ४.७ कोटी वर्षं. त्याआधीची माळ उत्तरेला जाते. हे वळण नुसतं प्लेटची दिशा बदलल्यामुळे आलं की खालचा स्रोतही तेव्हा सरकत होता, यावर संशोधकांत वाद आहे. म्हणून वेग काढताना वळणाच्या अलीकडचीच बेटं वापरा.

आता खोलीवरून वय. ही रीत मला फार आवडते. नवं कवच गरम आणि फुगलेलं असतं, म्हणून पर्वतरांगेचा माथा सरासरी २,५०० मीटर खोलीवर असतो. दूर जाता जाता प्लेट थंड होते, आकसते, जड होते आणि समुद्रतळ खचत जातो. खचण्याचं प्रमाण वयाच्या वर्गमुळाशी बांधलेलं आहे. मीटरमधल्या खोलीतून २,५०० वजा करा, ३५० ने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. तेवढे दशलक्ष वर्षं हे त्या तळाचं वय. समजा खोली ४,२५० मीटर आहे. वजाबाकी १,७५०, भागाकार ५, वर्ग २५. वय अडीच कोटी वर्षं.

दक्षिण अटलांटिकमध्ये माथ्यापासून पश्चिमेला ही खोली किती दूर लागते ते मोजा. साधारण ४५० ते ५०० किलोमीटर भरतील, म्हणजे एका बाजूचा वेग वर्षाला दोन सेंटिमीटरच्या जरा आत, दोन्ही बाजू मिळून साडेतीन-पावणेचारच्या घरात. पूर्व पॅसिफिकमध्ये तीच खोली गाठायला हजार किलोमीटरहून कितीतरी पुढे जावं लागतं. तिथला तळ म्हणूनच इतका मंद उताराचा आहे. तिथल्या काही भागांत प्लेट्स एकमेकींपासून वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत वेगाने दूर जातात.

या रीतीला मर्यादा आहेत. सुमारे ७ कोटी वर्षांनंतर तळाचं खचणं मंदावतं, तिथे वर्गमूळ चालत नाही. आइसलंड किंवा हवाईसारख्या फुगवट्यांजवळ मोजू नका. मोठ्या नद्यांच्या मुखासमोर गाळाचे डोंगर असतात, तेही टाळा. आणि वयाचं उत्तर १८ कोटींच्या पुढे आलं तर थांबा: महासागरांच्या मोकळ्या तळावर पश्चिम पॅसिफिकमधला सर्वांत जुना भागही एवढ्याच वयाचा आहे. त्याहून जुना तळ जवळपास सगळा गर्तांमध्ये परत गेला. खंडीय खडक हलका, तो बुडत नाही; म्हणून कॅनडात ४०० कोटी वर्षांचा, नाइस नावाचा खडक आजही पायाखाली लागतो.

समुद्रतळाच्या खडकात गोठून राहिलेल्या चुंबकीय पट्ट्यांवरूनही वेग निघतो, पण त्यांचे नकाशे वाचायला सराव लागतो. एकच तारीख ध्यानात ठेवा: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं ते सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. माथ्यापासून तो बदल ८ किलोमीटरवर दिसला तर त्या बाजूचा वेग वर्षाला १ सेंटिमीटर. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हे पट्टे म्हणजे समुद्रतळाच्या पसरण्याची नोंद आहे असं दाखवलं, आणि पारडं फिरलं.

दिशा काढताना गोल विसरू नका

गोलाच्या पृष्ठभागावरची कोणतीही हालचाल म्हणजे कुठल्यातरी अक्षाभोवतीचं फिरणं. गणितज्ञ ऑयलर यांचं हे १८ व्या शतकातलं प्रमेय इथे थेट कामाला येतं. ट्रेसिंग पेपरवर दक्षिण अमेरिका उतरवा, पण किनारा घेऊ नका. समुद्रबूड जमिनीच्या उतारावरची, साधारण ९०० मीटर खोलीची रेषा घ्या. एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हेच केलं होतं. कागदाला बाहेरून चिरा द्या म्हणजे तो गोलावर बसेल. ॲझोर्स बेटांच्या उत्तरेला, ४४ अंश उत्तर आणि ३१ अंश पश्चिम, तिथे टाचणी ठेवून ५७ अंश फिरवा. खंड आफ्रिकेच्या कुशीत इतका नेमका बसतो की हात क्षणभर थांबतो. नायजर नदीच्या मुखाशी तो आफ्रिकेवर चढलेला दिसेल. तिथे घाबरू नका. तो त्रिभुज प्रदेश खंड वेगळे झाल्यानंतरच्या गाळाने बनलाय, त्याला त्या काळी जागाच नव्हती. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं सांगितलं तेव्हा किनाऱ्यांची जुळणी, जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा एवढंच त्यांच्यापाशी होतं. समुद्रतळ कुणी पाहिलाच नव्हता.

पर्वतरांगेला आडवे छेदणारे भ्रंश पाहताना एक फसगत होते. रांग उजवीकडे सरकलेली दिसली की वाटतं, भ्रंशावर हालचाल त्याच दिशेने चालू आहे. विल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की ती उलट असते, आणि रांगेच्या दोन टोकांमधल्या भागातच भूकंप होतात. त्याबाहेर लांबवर दिसणारी रेघ हा जुना व्रण असतो, तिच्या दोन्ही बाजू एकाच प्लेटच्या. आपले ठिपके तपासा, ते हेच सांगतील.

ओढतं कोण

आता प्लेट्सची यादी करा आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: वेग, आणि कडेपैकी किती भाग गर्तेत उतरतोय. पॅसिफिक, नाझ्का, कोकोस वेगवान, आणि तिघींच्या कडा गर्तांमध्ये लांबवर उतरलेल्या. आफ्रिकन आणि युरेशियन मंद, त्यांच्या कडा फारशा उतरत नाहीत. टेबलावरची चादर एका बाजूने खाली लोंबू लागली की स्वतःच्या वजनाने उरलेली चादर ओढत नेते, तसं थंड, जड झालेलं टोक अख्ख्या प्लेटला ओढतं. मध्यसागरी रांगेकडून थोडा रेटाही मिळतो, पण मुख्य जोर या ओढीचा. ही यादी मी दर वर्गाकडून करून घेते. दहा मिनिटांत होते आणि शिलारस प्लेट्सना ढकलतो हा समज तिथेच गळून पडतो.

उत्तर ताडून पाहा

शेवटी आपल्या वेगांची जीपीएस केंद्रांच्या मोजमापांशी तुलना करा. लाखो वर्षांची सरासरी आणि गेल्या काही दशकांचं प्रत्यक्ष मोजमाप बहुतेक ठिकाणी जवळ येतात. जिथे येत नाहीत तिथे जास्त लक्ष द्या.

भारतीय प्लेट एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला येत होती. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी खंडाला खंड भिडला आणि वेग उतरला. आज तो युरेशियाच्या तुलनेत ४ ते ५ सेंटिमीटर आहे. खंडीय कवच हलकं, ते फार खाली जात नाही, म्हणून जाडी दुप्पट झाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात बनलेला चुनखडक जाऊन बसला. या ४-५ पैकी सुमारे २ सेंटिमीटर हिमालयाच्या पायथ्यापासून तिबेटच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यात साठतात. बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडे तिएन शान पर्वतापर्यंत वाटले जातात.

आता तोंडी हिशोब करा. वर्षाला २ सेंटिमीटर, शंभर वर्षांत २ मीटर. भ्रंश अडकून राहिला तर एवढी घसरण उधारीवर राहते आणि भूकंपात फिटते. कोऱ्या नकाशाच्या शेवटच्या प्रतीवर हिमालयाची कड काढा आणि १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम आणि २०१५ चा गोरखा भूकंप यांच्या जागा खुणा करा. त्यांच्यामध्ये जे लांब मोकळे पट्टे उरतील, त्यांच्यापुढे तिथला शेवटचा मोठा भूकंप कोणत्या साली झाला ते शोधून लिहा आणि तेवढ्या वर्षांना २ सेंटिमीटरने गुणा. पुढच्या भूकंपाची तारीख यातून निघत नाही, आणि ती सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. किती मीटर घसरण साठली आहे याचा अंदाज मात्र निघतो, आणि तिथे घर, पूल, शाळा किती मजबूत बांधायची हे ठरवताना अभियंते याच आकड्यापासून सुरुवात करतात.